मंगल परिणयाच्या सजावटीतल्या काचेच्या बरण्या: कमी खर्चात काय भरावे?

महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध विवाहविधी थोडक्यात सांगितला आहे. त्यात होम नाही, सप्तपदी नाही. स्टुलावर नवे मातीचे मडके ठेवायचे आणि ते पाण्याने काठोकाठ भरायचे. दोन बाजूंना पांढऱ्या वस्त्रांत वधू-वर उभे राहतात, पाण्यात सोडलेल्या सुती धाग्याचे एकेक टोक दोघांच्या हातात असते आणि कोणीतरी मंगलसुत्त म्हणते. बस्स, एवढेच. आपल्या लग्नाच्या मधोमध काय असावे हे तिथेच ठरून गेले आहे: मातीचे भांडे आणि पाणी.

आज मात्र डेकोरेशनवाला फोमच्या कमानी आणि प्लास्टिकच्या फुलांचे पॅकेज दाखवतो आणि मुलीचा बाप बचत गटाच्या हप्त्याकडे बघत मान डोलावतो. सजावट नकोच, असे आम्ही म्हणणार नाही. पोरांना हौस असते आणि ती असावी. पण घरच्या घरी, लोणच्याच्या, जॅमच्या, कॉफीच्या रिकाम्या बरण्या धुऊन केलेली सजावट दिसायला चांगली असते आणि कर्जही करावे लागत नाही. बरण्या तर फुकट मिळतात. खर्च होतो तो आत काय भरायचे यावर. म्हणून ही माहिती.

आधी बरणी. लेबल निघत नसेल तर कोमट पाण्यात भिजवून कागद खरवडावा, उरलेल्या चिकटावर खाण्याचा सोडा आणि खोबरेल तेल कालवून चोळावे, अर्ध्या तासाने साबणाने धुवावे. लोणच्याचा वास झाकणातच राहतो, काचेत नाही. झाकण टाकून द्यावे.

आता हिशेब. अर्धा लिटरच्या बरणीत साधारण ८०० ग्रॅम कोरडी वाळू मावते. म्हणजे पंधरा बरण्यांना बारा किलो. विकतचे रंगीत खडे घेतले तर इथेच खिसा रिकामा होतो. त्यावर सोपी युक्ती आहे: बरणीच्या आत मधोमध एक अरुंद ग्लास किंवा पुठ्ठ्याची नळी उभी करायची आणि भराव फक्त भोवतीच्या फटीत घालायचा. ८ सेंटिमीटर रुंद बरणीत ६ सेंटिमीटरचा ग्लास बसवला तर निम्म्याहून जास्त भराव वाचतो, आणि बाहेरून बरणी भरलेलीच दिसते. शिवाय आतल्या ग्लासात पाणी घालून फुले ठेवता येतात, भराव कोरडा राहतो.

भराव म्हणून आमची पहिली पसंती बांधकामावरच्या उरलेल्या बारीक खडीला. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची असते. कोरडी असताना ती राखाडी, मळकट दिसते, पण दोन-तीन पाण्यांनी धुऊन बरणीत पाण्याखाली ठेवली की काळीभोर होते आणि वर तरंगणारा पांढरा मोगरा किंवा पिवळी शेवंती उठून दिसते. वाळूही चालते, चाळून, धुऊन, उन्हात वाळवून घ्यावी. त्यासाठी नदीत उतरू नये, कोणाच्या तरी घराचे काम झाल्यावर बादलीभर उरलेली असतेच. मार्बलच्या दुकानाबाहेर पांढऱ्या चुऱ्याचा ढीग पडलेला असतो, विचारले तर देतात. त्याच्या कडा धारदार असतात, लहान मुलांना भरायला बसवू नये.

रंग हवा असेल तर रांगोळी. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे धम्मध्वजाचे पाच रंग थरावर थर दिले तर बरणी बघणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. कागदाची पुंगळी करून काठाजवळून हळू सोडावी, प्रत्येक थर चमच्याच्या पाठीने दाबावा आणि बरणी हलवू नये, नाहीतर सगळे रंग मिसळून मातकट होतात. भरताना नाकातोंडाला रुमाल बांधावा. अशी बरणी उघडी ठेवायची नाही, तोंड घट्ट बंद करायचे. वधू-वर पांढऱ्या कपड्यांत असतात आणि निळी रांगोळी पांढऱ्या साडीवर सांडली तर फोटोत तीच दिसेल.

पिंपळाची पाने अनेकांच्या मनात असतात. बोधिवृक्ष म्हणून ती शोभतातही. पण फांद्या तोडू नयेत. खाली पडलेली धडधाकट पाने वेचावीत. जाळीदार पान करायचे तर तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवावे, पाणी अधूनमधून बदलावे, मग गर सुटला की मऊ ब्रशने हलकेच घासावे आणि वर्तमानपत्रात दाबून वाळवावे. वास येतो, डबा गच्चीवरच ठेवा. एका बरणीत दोन-तीन पाने पुरतात. मुलांच्या हाताला हे काम छान जमते आणि सुट्टीत त्यांना काहीतरी हवेच असते.

वेचलेल्या बियांत चिंचोके आणि रिठे उत्तम. गुंजा मात्र टाळाव्यात. लाल-काळ्या रंगामुळे मोह होतो, पण ती बी विषारी आहे, चावली तर जिवावर बेतू शकते, आणि लग्नात खाली रांगणारी पोरे कमी नसतात. एरंडाच्या बियांचेही तेच. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी बाजारात स्वस्त मिळतात. तेही नकोत. मुलाने गिळले तर ते पोटात फुगतात आणि आतडे अडू शकते. थर्माकोलचे गोळे तर नकोतच. २०१८च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात सजावटीसाठी थर्माकोल वापरायला बंदी आहे.

तांदूळ, डाळी, राजमा भरून केलेल्या बरण्यांची चित्रे मोबाइलवर फिरतात. यावर आमचे मत ठाम आहे. आपण अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या वापरतो ते उगीच नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्याच्या खळ्यावर राबून ओंजळभर धान्य मिळवले, त्यांनी ते रंग लावून शोभेला ठेवू नये. न रंगवलेले धान्य ठेवून दुसऱ्या दिवशी शिजवणार असाल तर आमची हरकत नाही.

सगळ्यांत स्वस्त भराव अर्थातच पाणी. नुसते पाणी आणि वर चार पाकळ्या. किंवा मनी प्लांटच्या फांद्या: लग्नाच्या तीन आठवडे आधी बरण्यांत लावल्या तर तोवर मुळे फुटतात आणि तीच बरणी पाहुण्याला भेट देता येते. पाणी आठवड्याला बदलायचे, डासांना घर करून द्यायचे नाही. फुलांचे म्हणाल तर आपण मुहूर्त मानत नाही याचा फायदा घ्यायला हवा. मुहूर्ताच्या दिवशी फुलेही महाग आणि हॉलही महाग. तरी आपलीच मंडळी पंचांगातली तारीख गाठतात, ते का, हे त्यांनाच विचारायला हवे.

मेणबत्ती लावणार असाल तर बरणीच्या तळाशी दोन-तीन बोटे वाळू असू द्या. मेणबत्ती सरळ उभी राहते आणि तळाची काच तापून तडकत नाही. ज्योत काठाच्या बरीच खाली हवी. ज्योतीबरोबर वाळकी पाने, कापूस, कापड काहीही नको. ओढण्या आणि पदर यांची वर्दळ असते तिथे, म्हणजे जेवणाच्या टेबलांवर, पाण्यावर तरंगणारी मेणबत्ती बरी. ती संपली की पाण्यातच विझते.

मांडणीबद्दल दोनच गोष्टी. तथागतांच्या मूर्तीसमोर आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर ठेवलेल्या बरण्या बुटक्या असाव्यात, प्रतिमा झाकू नये. आणि विधीच्या स्टुलावर मडके एकटेच राहू द्यावे, त्याच्या शेजारी बरण्यांची गर्दी नको. जेवणाच्या टेबलावर वीतभर उंची पुरे, म्हणजे समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे तोंड दिसते.

लग्न झाल्यावर खडी-वाळू धुऊन पोत्यात भरावी, मेणाचे तुकडे वेगळे काढावेत, बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात घालाव्यात. पंचवीस-तीस बरण्यांचे असे एक खोके विहारात ठेवले तर वस्तीतल्या पुढच्या लग्नाला ते तयार असते. युवक मंडळातल्या एकाने नोंदवही ठेवावी: कोणी नेले, किती नेले, किती परत आले. फुटलेल्या बरणीबद्दल पैसे घेऊ नयेत, घरातली दुसरी रिकामी बरणी आणून द्यायला सांगावे.