लघवीची साक्ष

करंजी-चकलीच्या ताटाशेजारी लघवीच्या परीक्षेची गोष्ट काढलेली पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल, याची मला कल्पना आहे. पण गेल्या दीडशे वर्षांत अनेकांची अब्रू, नोकरी आणि क्वचित तुरुंगवासही या बाटलीभर पाण्यावर अवलंबून राहिला आहे. प्यालेली दारू अंगात किती वेळ राहते आणि लघवीत किती वेळ सापडते, हा प्रश्न वैद्यांचा तर आहेच. पण तो न्यायाचाही आहे, आणि म्हणून इतिहासाचाही.

फार पूर्वीपासून या खटल्यातला एकमेव साक्षीदार म्हणजे नाक. तोंडाला वास आला, डोळे लाल दिसले, पाय अडखळला, की निकाल झाला. परंतु नाक हा भरवशाचा साक्षीदार नव्हे. एक घोट घेतला तरी वास येतो आणि बाटली रिकामी केली तरी वासच येतो. वासाला मोजमाप नसते.

मोजमापाचा प्रयत्न विज्ञानाने सुरू केला तो एका वादातून. 1860 साली लालमां, पेरँ आणि द्युर्वा या तीन फ्रेंच संशोधकांनी असा सिद्धांत मांडला, की मद्यार्क शरीरात जसा जातो तसाच बाहेर पडतो. शरीर त्याचा काही उपयोग करीत नाही. दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांना हे मत फार आवडले. लंडनचे डॉक्टर फ्रान्सिस ॲन्स्टी यांना मात्र ते पटेना. त्यांनी लघवी तपासण्यासाठी क्रोमिक ॲसिडचा उपयोग केला. या नारिंगी द्रावात मद्यार्क मिसळला, की त्याचा रंग पालटून हिरवा होतो. ॲन्स्टींनी दाखवून दिले, की प्यालेल्या मद्यार्काचा अगदी थोडा अंश लघवीवाटे जातो. बाकीचा शरीर जाळून टाकते. आज आपण जाणतो, की शेकडा नव्वदांहून अधिक भाग यकृतात जळतो आणि उरलेला श्वास, घाम व लघवी यांतून बाहेर पडतो. म्हणजे लघवीत सापडतो तो त्या मैफिलीचा केवळ उष्टा घोट. पण साक्षीला तेवढा पुरतो.

पुढचा प्रश्न होता वेळेचा. एडवर्ड मेलॅन्बी या इंग्रज शास्त्रज्ञाने (मुडदुसावरील संशोधनाने पुढे नाव मिळवलेला तो हाच) 1919 साली कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले, की रक्तातला मद्यार्क जवळजवळ ठरावीक गतीने कमी होत जातो. स्वीडनमधल्या एरिक विडमार्क यांनी याला गणिताचे रूप दिले. 1914 पासूनच ते रक्त आणि लघवी यांतील मद्यार्काचा ताळेबंद मांडीत होते. 1922 साली त्यांनी अशी पद्धत शोधून काढली, की बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर परीक्षा व्हावी. नळीएवढ्या लहान कुपीत खाली डायक्रोमेट आणि गंधकाम्ल, वर टांगलेल्या इवल्या वाटीत रक्त. उष्णतेने मद्यार्काची वाफ होऊन खाली उतरते आणि त्या द्रावाशी तिची गाठ पडते. किती द्राव खर्ची पडला, यावरून रक्तात मद्यार्क किती ते कळते.

विडमार्कांचे गणित मी मास्तरकीच्या भाषेत सांगतो. शाळेत आपण हौदाची उदाहरणे सोडवतो ना, एका नळाने पाणी भरते आणि दुसऱ्याने गळते, तसेच हे आहे. यकृताचा नळ साधारणपणे दर तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे 15 मिलिग्रॅम एवढा मद्यार्क काढून टाकतो. कुणाचा नळ 10 वर चालतो, कुणाचा 20 वर. रात्री दहा वाजता एखाद्याच्या रक्तात 150 मिलिग्रॅम असले, तर हौद रिकामा व्हायला दहा तास लागतात; म्हणजे सकाळचे आठ वाजले. मध्येच लिंबू चोखले, ताक प्यायले, काळी कॉफी घेतली किंवा डोक्यावर थंड पाण्याच्या घागरी ओतून घेतल्या, तरी नळाची धार वाढत नाही. माणूस ताजातवाना दिसतो. रक्त मात्र आपल्याच गतीने निवळते.

आता लघवीकडे वळू. रक्तापेक्षा लघवीत पाण्याचा अंश जास्त, आणि मद्यार्क पाण्याच्या मागे जातो. म्हणून लघवीत त्याचे प्रमाण रक्ताच्या सुमारे सव्वापट ते दीडपटीच्या दरम्यान भरते. इंग्लंडने 1967 च्या रस्ते सुरक्षा कायद्यात मोटार चालविणाऱ्यासाठी रक्ताची मर्यादा 80 मिलिग्रॅम ठरविली, तेव्हा लघवीची 107 ठेवली, ती याच हिशेबाने. पण त्याहून महत्त्वाचा फरक निराळाच आहे. रक्त वाहते असते. ते या घटकेची हकीकत सांगते. मूत्राशय म्हणजे माठ. त्यात रात्री अकराचे पाणी आहे आणि पहाटे तीनचेही. रक्त पुरते निवळल्यावरही सकाळच्या पहिल्या लघवीत मद्यार्क सापडू शकतो. याचसाठी इंग्रजी कायद्यात लघवीचे दोन नमुने घेतात: पहिला टाकून द्यायचा आणि तासाभरात दिलेला दुसरा तपासायचा. माठ आधी रिता करायचा, मग ताज्या पाण्याची चव घ्यायची. एकंदरीत, लघवीत खुद्द मद्यार्क सापडतो तो प्यालेल्या मानाने काही तास, फार तर अर्धा दिवस किंवा त्याहून थोडा अधिक.

हे सारे आपल्याकडे कोर्टात येऊन उभे राहिले ते दारूबंदीच्या काळात. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. युरोपातील कायदे विचारीत होते, "हा माणूस मोटार हाकताना धुंद होता काय?" आपला कायदा विचारू लागला, "हा प्याला काय?" या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय घरोघरच्या फडताळात द्राक्षासव आणि दशमूलारिष्ट यांच्या बाटल्या. आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेने मद्यार्क आपोआप तयार होतो. विलायती टॉनिकांत तो मुद्दाम घालतात. आजीबाईने जेवणानंतर दोन चमचे आसव घेतले तर तीही गुन्हेगार? 1951 साली मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त द्रवांपुरती ही बंदी रद्द ठरविली.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईत एका सरकारी अधिकाऱ्याच्या जीपगाडीने अपघात झाला. डॉक्टरांनी तपासले तेव्हा तोंडाला मद्याचा वास होता. पण बोलणे सुसंगत होते आणि सरळ रेषेत चालताही येत होते. त्याचे म्हणणे, आपण मद्यार्क असलेले टॉनिक घेतले होते. खालच्या कोर्टाने सोडले, हायकोर्टाने दोषी धरले, आणि 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त केले. हाच बेहराम खुर्शेद पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य हा गाजलेला खटला. त्याचे सार एवढेच, की पोटात गेलेले द्रव्य मनाई केलेली दारूच होती, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. नुसत्या वासाने भागत नाही. नाकाची साक्ष त्या दिवशी कमी पडली.

मग 1959 साली कायदा दुरुस्त झाला. शेकडा 0.05, म्हणजे 100 मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम किंवा अधिक मद्यार्क रक्तात सापडला, तर तो औषधाचा होता हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आला. लक्षात घ्यावे, की कायद्याने निवडले ते रक्त. माठातले शिळे पाणी नव्हे. रक्त कसे काढावे याचेही नियम झाले. त्यांतली एक गोष्ट मला फार आवडते: सुई टोचताना मद्यार्काचा स्पर्श कुठेही होऊ द्यायचा नाही. दवाखान्यात स्पिरिटचा बोळा फिरविण्याची जुनी सवय. पण त्या बोळ्यातलाच मद्यार्क नमुन्यात उतरला तर निरपराध माणूस तुरुंगात जायचा! पुढे 1963 साली उखा कोल्हे यांच्या खटल्यात, कायद्यात सांगितलेल्या मार्गाखेरीज इतर मार्गाने झालेली रक्तपरीक्षा पुरावा म्हणून चालेल काय, यावर सर्वोच्च न्यायालयात खल झाला आणि बहुमताने ती चालेल असे ठरले.

लघवीच्या बाटलीतही असाच एक सापळा आहे. मधुमेही माणसाच्या लघवीत साखर असते. तीत किण्व असले आणि बाटली उबेला पडून राहिली, तर आत मद्यार्क तयार होतो. ज्याने जन्मात थेंबही घेतला नाही, त्याच्या नावावर मद्यपान लागायचे! म्हणून नमुन्यात सोडियम फ्लोराइड घालतात आणि तो थंड जागी ठेवतात. त्या चिमूटभर पांढऱ्या पुडीत एखाद्याची अब्रू जपलेली असते.

अलीकडे या कथेला नवे वळण मिळाले आहे. यकृत मद्यार्काचा अगदी अल्प अंश एका वेगळ्याच पदार्थात बदलते. त्याचे नाव एथिल ग्लुकुरोनाइड. प्राण्यांच्या लघवीत तो 1901 सालीच आढळला होता, माणसाच्या लघवीत 1967 साली. परंतु परीक्षेसाठी त्याचा सर्रास उपयोग होऊ लागला तो विसाव्या शतकाच्या अखेरीपासून. मद्यार्क निघून गेल्यावरही हा पदार्थ मागे रेंगाळतो. एखादा पेला घेतला तर दिवसभर, भरपूर प्यायले तर तीन दिवसांपर्यंतही. हौद आटला तरी भिंतीवर ओल राहावी, तसे हे आहे. पण ही परीक्षा इतकी तीक्ष्ण, की मद्यार्कयुक्त औषधाने चुळा भरल्या किंवा हात निर्जंतुक करायचा द्राव वारंवार चोळला, तरी ती बोट दाखवू शकते. म्हणून 2006 साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने बजावले, की एवढ्या एका परीक्षेवर कोणालाही शिक्षा करू नये.

तेव्हा "दारू किती वेळ सापडते?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. रक्त आत्ताची गोष्ट सांगते, लघवी रात्रीची, आणि हा नवा पदार्थ परवाची. मोटार हाकणाऱ्याला आत्ताचे विचारावे. व्यसन सोडू पाहणाऱ्याला परवाचे विचारले तर चालेल, आणि तेही मायेने. आत्ताच्या अपराधासाठी परवाचा साक्षीदार उभा करू नये. कुठल्याही परीक्षेला, घोट आनंदाचा होता, दुःखाचा होता की आजीच्या आसवाचा, हे सांगता येत नाही. बाटलीने आपली साक्ष दिल्यावरही न्याय करायला शहाणा माणूसच लागतो.