आतषबाजी किती अंतरावर?

जुने छायाचित्र अभ्यासाला घेतले की आपण छायाचित्रकाराचे नाव शोधतो, स्टुडिओचा शिक्का शोधतो. डिजिटल कॅमेऱ्याच्या चकतीवरील चिमुकल्या खुणांकडे, म्हणजे चेहरा, डोंगर, फूल, धावणारा माणूस यांच्याकडे, मात्र सहसा कोणी पाहत नाही. 'सीन मोड' म्हणून ओळखली जाणारी ही यादी आमच्या मते पाहण्याच्या इतिहासातले एक महत्त्वाचे साधन आहे.

हा इतिहास आपल्याच परिसरातून मागे नेता येतो. कल्याणपलीकडे अंबरनाथला शके ९८२ चा (इ. स. १०६०) शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. १८६८ साली सरकारने त्याची रेखाटने, साचे आणि छायाचित्रे करवून घेतली. त्या काळी काचेला रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि जवळच्या अंधाऱ्या तंबूत धुवायचे, अशी पद्धत होती. त्या लेपावर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार, तांबड्याचा जवळजवळ नाहीच. त्यामुळे काळ्या दगडातल्या कोरीव कामाला पुरेसा वेळ दिला की वरचे आभाळ कोरे पडे. काय राखायचे आणि काय सोडायचे, हे तिथे उभ्या असलेल्या माणसाला जागेवरच ठरवावे लागे.

१९८८ च्या मिनोल्टा ७०००आय या कॅमेऱ्यात 'खेळ', 'व्यक्तिचित्र' अशी निरनिराळी कार्डे घालता येत. पुढे त्या निवडी चकतीवर आणि पडद्यावरील यादीत आल्या. निर्णयाचा मोठा भाग आता कारखान्यातच होऊन येऊ लागला. 'चेहरा' निवडला की पार्श्वभूमी पुसट, 'खेळ' निवडला की शटर वेगवान. २००० नंतरच्या दशकात ठाण्या-डोंबिवलीच्या घरांत असे कॅमेरे आले, तेव्हा त्यांच्या यादीत अनेकदा 'बर्फ' असे. आषाढातल्या पावसासाठी काही नसे.

याहून बोलके उदाहरण 'आतषबाजी'चे. हा मोड निवडला की फोकस अनंतावर जातो, फ्लॅश बंद होतो आणि शटर काही सेकंद उघडे राहते. ज्याने हे योजले, त्याच्या डोळ्यांपुढे टोकियोतल्या सुमिदा नदीकाठचा सोहळा असावा: आकाशात दूर उमलणारी रोषणाई आणि अलीकडे स्वस्थ बसलेला प्रेक्षक. आपली दिवाळी अंगणात, जिन्यात, इमारतीच्या आवारात होते. फुलबाजी हातात असते, भुईचक्र पायाशी फिरते. त्या मोडवर टिपलेल्या चित्रात प्रकाशाची रेघ उरते आणि फुलबाजी धरणारे मूल विरघळून जाते. 'रात्रीचे व्यक्तिचित्र' हा मोड या प्रसंगाला अधिक जवळचा होता. पण नाव वाचून निवड करणाऱ्याला ते कसे सुचावे? दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणाऱ्या तरुणाईची चित्रे पाहताना आम्हांला हाच प्रश्न पडतो: हा धूसरपणा छायाचित्रकाराचा, की यादीचा?

उत्तर कधी कधी खुद्द चित्रातच सापडते. २००२ च्या एक्झिफ २.२ या मानकात दृश्याच्या प्रकाराची नोंद संगणकीय फाइलीतच करण्याची सोय झाली. त्या नोंदीला चारच पर्याय आहेत: सामान्य, निसर्गदृश्य, व्यक्तिचित्र आणि रात्र. आतषबाजी त्यांत नाही. ती कॅमेरा बनवणाऱ्याच्या स्वतंत्र नोंदीत असली तर असते, आणि कागदावर छापून पुन्हा स्कॅन केलेल्या चित्रात तीही उरत नाही.