अमेरिकेतील मलिदा : आपल्या स्वयंपाकघराचा थोडा इतिहास

बेने इस्राएलांचा इतिहास सांगावयास बसले की आपण नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून सुरुवात करतो. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या ही कथा आपल्या मुलाबाळांना तोंडपाठ असते. पण त्याच परंपरेतली दुसरी एक गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते, आणि ती चुलीपाशी घडलेली आहे.

दावीद राहाबी कोकणात आला, तेव्हा हे शनिवार पाळणारे तेली खरोखर यहुदी आहेत की काय, याची त्याने परीक्षा पाहिली. त्याने कोणाला धर्मशास्त्र विचारले नाही. विचारले असते तरी उत्तर मिळाले नसते, कारण ग्रंथ समुद्रात गेले होते. त्याने आपल्या बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली आणि रांधावयास सांगितले. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी घेतली व बाकीची बाजूला सारली. राहाबीला जे कळावयाचे ते कळले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी हा प्रसंग सुमारे हजार वर्षांपूर्वीचा मानला. दुसरे अभ्यासक त्याचा संबंध अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याशी लावतात. काळ कोणताही धरा, आपली ओळख पटली ती बायकांच्या हातांवरून, आणि विचारणारा मनुष्य बाहेरून आलेला होता. या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. अमेरिकेतल्या आपल्या घरांत पुढे जे घडले ते याच धर्तीवर घडले.

आपल्यापैकी बहुतेक लोक १९४८ नंतर इस्राएलला गेले. अमेरिकेची दारे तेव्हा जवळजवळ बंद होती. १९४६ च्या कायद्याने हिंदुस्थानच्या वाट्याला वर्षाला १०० माणसांचा कोटा आला होता, आणि त्यात सबंध देश बसवावयाचा होता. १९६५ साली नवा कायदा झाला, तो १ जुलै १९६८ पासून पूर्णपणे अमलात आला, आणि मग डॉक्टर, इंजिनियर, विद्यार्थी असे लोक येऊ लागले. त्यांत थोडी आपलीही घरे होती. घरे थोडी आणि देश अवाढव्य. मुलामुलींची लग्ने आपसात जमणे कठीण झाले. सिनेगॉगमध्ये ओळखी होत त्या पोलंड, रशिया, जर्मनीकडून आलेल्या यहुदी कुटुंबांशी, आणि पुढे लग्नेही त्यांच्याशीच जमू लागली.

या लग्नांना एक जुनी जखम चिकटून होती. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा नियम काढला. आपले लोक रस्त्यावर आले, उपोषणास बसले. अखेर १९६४ साली क्नेसेथने जाहीर केले की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत. अमेरिकेत असा हुकूम कोणी काढला नाही, पण जेवणाच्या टेबलावर तोच प्रश्न गोड शब्दांत येत असे: “तुम्ही मुळात यहुदी कसे?” राहाबीची परीक्षा संपलेली नव्हती.

आमच्या धाकट्या बंधूंचे लग्न अशाच एका मुलीशी झाले. माहेर फिलाडेल्फियाचे, आजोबा पोलंडचे. १९७८ साली आमच्या मातोश्री मुंबईहून आल्या, तेव्हा त्यांनी पहिल्या शुक्रवारी नारळाच्या रसातले मटण केले. नव्या सुनेने भांड्यात डोकावून पाहिले, पांढरा रस पाहिला आणि ती गप्प झाली. जेवायला बसली, पण घास घेईना. मातोश्रींना वाटले, तिखट झाले. बंधूंनी इंग्रजीत सांगितले की हे नारळाचे दूध आहे, तर ती अधिकच घाबरली. मांस आणि दूध एकत्र! आपण मराठीत त्याला रसच म्हणतो. इंग्रजीने त्याचे दूध केले आणि घोटाळा तिथे झाला. वास्तविक मटणात दही-दूध चालत नाही म्हणून तर आपल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या नारळाचा रस वापरला. ज्या पदार्थाने आपले यहुदीपण राखले, त्याच पदार्थावर संशय आला.

हा पेच नवा नव्हता. सोळाव्या शतकात पोलंडमधील क्राकोव शहरी रब्बी मोशे इस्सर्लिस यांच्यापुढे बदामाच्या दुधाचा प्रश्न आला होता. शुल्हान आरूखवरील आपल्या टीपांत त्यांनी लिहून ठेवले आहे की, पशूचे मांस बदामाच्या दुधात शिजविले, तर शेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याला शंका येणार नाही. सुनेच्या वडिलांना ही टीप ठाऊक होती. पुढच्या शुक्रवारी त्यांनी स्वतः बाजारातून नारळ आणला आणि फोडलेली अर्धी वाटी मटणाच्या भांड्याशेजारी ठेवली. पोलंडचा नियम आणि कोकणचा नारळ एका टेबलावर बसले. मातोश्रींना त्यातले शास्त्र कळले नसेल, पण व्याही आपले अन्न खातात हे कळले.

पेसाहचा पेच याहून बिकट. अश्केनाझी घराण्यांत त्या आठ दिवसांत तांदूळ आणि कडधान्ये वर्ज्य असत. आपल्याकडे भात चालतो. एका घरात दोन चाली. कोणी दोन भांडी केली, कोणी सासूचे ऐकले, कोणी नवऱ्याचे. २०१५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींच्या समितीने अश्केनाझींनाही तांदूळ व कडधान्ये खाण्याची मोकळीक दिली. कित्येक घरांत तोवर सासवा निघून गेल्या होत्या.

साहित्य मिळविणे हीही एक तपश्चर्या होती. न्यूयॉर्कमध्ये लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर कालुस्त्यान हे आर्मेनियन गृहस्थांनी १९४४ साली काढलेले दुकान होते. हळद, धने, वेलची तेथे मिळे. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचे दुकान १९७४ साली निघाले. त्यापूर्वी दूरच्या गावांतून राहणाऱ्यांनी पोहे मुंबईहून येणाऱ्याच्या बॅगेतून मागवावेत आणि खोबरे सुपरमार्केटमधून घ्यावे. ते पाकिटातले खोबरे साखर घातलेले असे. एकदा ते रश्शात पडले म्हणजे कळे. मासळीच्या दुकानात कॅटफिश ढिगाने असे, पण त्याला खवले नाहीत. तेथे राहाबीचीच परीक्षा रोज द्यावी लागे. उलट वसंत ऋतूत डेलावेअर नदीत चढणारा शॅड मासा आपल्या हिलसाच्या जवळच्या नात्यातला, तसाच चवदार आणि तसाच काटेरी. तो ओळखणाऱ्या पहिल्या गृहिणीला किती आनंद झाला असेल!

१९७३ हे वर्ष या इतिहासात विशेष आहे. त्या साली मधुर जाफरी यांचे हिंदी स्वयंपाकाचे पहिले इंग्रजी पुस्तक न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. लंडनला नाट्यशिक्षण घेत असताना त्यांना दिल्लीहून आईने पत्रांतून पाककृती कळविल्या आणि त्यांवरून त्या रांधावयास शिकल्या. पुढे १९६९ साली त्यांनी सॅनफर्ड ॲलन या अमेरिकन व्हायोलिनवादकाशी विवाह केला. त्याच १९७३ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीने ‘द ज्यूइश कॅटलॉग’ हे पुस्तक काढले. शब्बाथचा पाव कसा करावा, मेणबत्त्या कशा ओताव्यात, तालीथ कशी बांधावी, हे सारे त्यात कृतीनिशी दिले होते. अमेरिकन यहुदी तरुण आजीच्या हातची विसरलेली कला पुस्तकातून परत शिकत होते. आपल्या सुना या दोन पुस्तकांच्या मधोमध उभ्या होत्या: एकात मसाले होते, दुसऱ्यात शब्बाथ होता, मलिदा कोठेच नव्हता.

मलिदा पुस्तकातून येत नाही. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा. ताटात त्याची रास, भोवती फळे, वासासाठी गुलाब किंवा सब्जा. आणि एलियाहू हन्नाबीच्या नावाने प्रार्थना. पण पोहे किती भिजवावेत? सुनेने विचारले तेव्हा मातोश्री म्हणाल्या, “अगं, हाताला कळतं ते.” सुनेने एक युक्ती केली. मातोश्रींची मूठ ताटावर येताच ती खाली मापाचा कप धरी, मूठ कपात रिकामी होई, ती आकडा लिही आणि मग कप ताटात ओती. मातोश्री आधी रागावल्या, मग हसू लागल्या, मग स्वतःच कपासाठी थांबू लागल्या. त्या दोघींना एकमेकींची भाषा पुरती येत नव्हती. तो कागद आज आमच्या घराण्यातील मलिद्याचा एकमेव लेख आहे. आम्ही भावंडांनी तो लिहिला नाही, कारण आम्हांला वाटे की आम्हांला येतो. येत नव्हता; खाता तेवढा येत होता.

न विचारल्याने काय गेले, तेही सांगितले पाहिजे. शब्बाथची कंदील-पेल्यात पाण्यावर तेल घालून तरंगती वात लावण्याची रीत मेणबत्त्यांनी घालविली. किद्दुशासाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेले सरबत कोशेर द्राक्षरसाच्या बाटलीपुढे टिकले नाही. अडचण होती तोवर कला होती. सोय झाली आणि कला गेली. पेसाहला आपले पूर्वज ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. अनशी म्हणजे आंबट रसाचे भांडे. ते झाकून ठेवण्याचा हा सण. केहीमकरांनी नाव नोंदविले म्हणून नाव उरले. आमच्या घरात तो रस करून दाखविणारा हात राहिला नाही.

पुण्यात १८७४ साली मराठी व हिब्रू हग्गादा छापली गेली. तीत आपल्या बायका साड्या नेसून, अंबाडा घालून, खाली बसून मात्सा करीत असल्याची चित्रे आहेत. १९६८ साली, म्हणजे नवा कायदा अमलात आला त्याच वर्षी, न्यूयॉर्कमधून तिचे पुनर्मुद्रण झाले. ज्यांनी ती चित्रे काढून ठेवली त्यांचे उपकार मोठे. तथापि चित्रात पीठ दिसते, पाणी किती ते दिसत नाही.

म्हणून परदेशी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना आमची विनंती आहे. घरात दुसऱ्या कुळातली सून किंवा जावई आला, आणि त्याने “हे किती? हे का?” असे विचारले, तर “तुला नाही कळायचं” असे म्हणू नका. राहाबीही परकाच होता. आजी असेल तर तिच्या मुठीखाली कप धरा. आमच्या भावजयीच्या घरी आजही मटणाच्या भांड्याशेजारी नारळाची अर्धी वाटी ठेवतात. आता शंका कोणालाच येत नाही. तरी तिची नात ती वाटी न विसरता आणून ठेवते.