फाइल-व्यवस्थेची तपासणी व दुरुस्ती : एक ऐतिहासिक आलोचन

१

दिनांक १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईसह ठाणे, कल्याण व डोंबिवली ह्या शहरांचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. बिघाडाचे मूळ कळवा-पडघे ह्या ४०० केव्ही वाहिनीशी निगडित होते. ही दोन्ही स्थळे ठाणे जिल्ह्यातीलच होत. लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. साथीच्या त्या काळात घरी बसून कार्यालयीन काम करणाऱ्या असंख्य लोकांचे संगणकही बंद पडले. काही तासांनी वीज परत आली, तेव्हा प्रत्येक यंत्रापुढे एक प्रश्न उभा होता. वीज गेली त्या क्षणी आपण काही लिहीत होतो काय, आणि लिहीत असल्यास ते लेखन पुरे झाले काय, की अर्धवट राहिले?

ह्या प्रश्नाचे उत्तर यंत्राने स्वतःच शोधावे आणि आढळलेला दोष शक्य तितका दूर करावा, ह्यासाठी जी पद्धती सिद्ध झाली तिला फाइल-व्यवस्थेची तपासणी म्हणतात. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांत हे काम ‘एफएससीके’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावलीकडे असते. ह्या पद्धतीची घडण कशी झाली, ठाणे-कल्याण परिसरातील वीजपुरवठ्याच्या इतिहासाशी तिचा संबंध कसा येतो आणि तिची मर्यादा कोठे आहे, ह्यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

विषयाचे आकलन सुलभ व्हावे म्हणून ग्रंथालयाचे उदाहरण घेणे युक्त होईल. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधील असून ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. अशा कोणत्याही संस्थेत पुस्तक आले की त्यास प्रथम दाखल क्रमांक मिळतो. पुस्तक कोणत्या कपाटात आहे, त्याची पृष्ठे किती, ही माहिती त्या क्रमांकाशी जोडलेली असते. वाचक मात्र क्रमांक जाणत नाही. तो सूचीत नाव पाहतो आणि नावावरून क्रमांकाकडे जातो.

युनिक्स व तिच्या परंपरेतील लिनक्स ह्यांची रचना नेमकी अशीच आहे. प्रत्येक फाइलीस एक क्रमांकित नोंद असते. तिला आयनोड म्हणतात. फाइलीचा आकार, तिचा मालक, तिचा मजकूर डिस्कवरील कोणत्या खंडांत ठेवला आहे, हे सर्व आयनोडात असते. फाइलीचे नाव मात्र त्यात नसते. नाव असते निर्देशिकेत, म्हणजे सूचीत. एकाच आयनोडाला दोन वा अधिक नावे असू शकतात, आणि अशी नावे किती आहेत ह्याची संख्या आयनोडात नोंदलेली असते. ह्यांखेरीज कोणते खंड मोकळे व कोणते व्यापलेले, ह्यांचे तक्ते असतात. आणि सर्वांच्या शिरोभागी संपूर्ण व्यवस्थेचे मोजमाप सांगणारा ‘सुपरब्लॉक’ असतो.

एक नवी फाइल लिहावयाची तर आयनोड, निर्देशिका आणि तक्ते ह्या तीनही ठिकाणी बदल करावे लागतात. हे बदल एका क्षणी होत नाहीत. मध्येच वीज गेली तर एका वहीत नोंद झाली आणि दुसरीत राहिली, अशी स्थिती उत्पन्न होते. पुस्तक कपाटात आहे पण सूचीत नाही. सूचीत आहे पण कपाटात नाही. किंवा एकच जागा दोन पुस्तकांच्या नावे लिहिली गेली आहे. ह्यांपैकी शेवटची अवस्था सर्वांत घातक होय. कारण एका फाइलीत लिहू जाता दुसरीचा मजकूर नष्ट होतो.

३

केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये युनिक्सच्या कार्यास आरंभ केला. तिच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत तपासणीची साधने होती; परंतु ती विखुरलेली होती. खंडांचा हिशेब पाहण्यास एक आज्ञावली, निर्देशिका पाहण्यास दुसरी, सदोष आयनोड पुसून टाकण्यास तिसरी, अशी विभागणी होती. दोष दाखविणे हेच मुख्यतः ह्यांतील पहिल्या दोघींचे काम. दुरुस्ती चालकाने आपल्या बुद्धीने करावयाची. अननुभवी चालकाच्या हातून उपचाराने रोग बळावणे अशक्य नव्हते.

टी. जे. कोवाल्स्की ह्यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही विखुरलेली कामे एका आज्ञावलीत एकवटली. तीच एफएससीके होय. पुढे बर्कले येथे मार्शल कर्क मॅक्क्युसिक ह्यांनी फाइल-व्यवस्थेची नवी रचना केली व ती १९८३ च्या आवृत्तीतून प्रसृत झाली. तिच्यात डिस्कचे अनेक गट पाडून सुपरब्लॉकच्या प्रती ठिकठिकाणी ठेवल्या होत्या. मूळ प्रत बिघडली तरी दुसरीवरून व्यवस्था पुन्हा उभी करता यावी, हा त्यातील हेतू. दुरुस्ती करावयाची तर दुसरा साक्षीदार हवा, हे तत्त्व येथे स्पष्टपणे प्रस्थापित झालेले दिसते.

लिनक्सचा जन्म १९९१ मधील. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्याने आरंभी मिनिक्सची फाइल-व्यवस्था स्वीकारली. पण तीत ६४ मेगाबाइटांहून मोठा विभाग चालत नसे आणि नावाला चौदा अक्षरांची मर्यादा होती. रेमी कार्ड ह्यांनी १९९२ मध्ये ‘एक्स्ट’ व जानेवारी १९९३ मध्ये ‘एक्स्ट२’ ही व्यवस्था दिली. तिच्या तपासणीची पहिली आज्ञावली मिनिक्सच्या तपासणीवरून घेतलेली होती. पुढे ती समूळ नव्याने रचली गेली. ह्या कार्यात थिओडोर त्सो ह्यांचा वाटा मोठा आहे.

ही तपासणी पाच फेऱ्यांत चालते. पहिल्या फेरीत प्रत्येक आयनोड स्वतंत्रपणे पाहिला जातो आणि एकाच खंडावर दोघांचा दावा नाही ना, हे ठरविले जाते. सर्वाधिक वेळ ह्याच फेरीस लागतो. दुसऱ्या फेरीत निर्देशिकांतील नोंदी, तिसऱ्या फेरीत प्रत्येक निर्देशिका मूळ निर्देशिकेशी जोडलेली आहे की नाही, चौथ्या फेरीत नावांची संख्या, आणि पाचव्या फेरीत मोकळ्या-व्यापलेल्या खंडांचे तक्ते तपासले जातात. हा क्रम सहेतुक आहे. पायाच खरा न ठरता त्यावरील नोंदी तपासणे निरर्थक होय.

४

एक्स्ट२ च्या तपासणीत एक मोठी उणीव होती. वीज जाण्यापूर्वी नेमके कोणते काम चालू होते हे तिला ठाऊक नसल्यामुळे सर्व डिस्क आरंभापासून तपासावी लागे. डिस्क जितकी मोठी व भरलेली, तितका विलंब अधिक. जेथे वीज क्वचित जाते तेथे ही उणीव सह्य होती. ठाणे-कल्याण परिसराची स्थिती निराळी होती.

राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन जून २००५ मध्ये महावितरण कंपनी अस्तित्वात आली. त्या सुमारास व त्यानंतर काही वर्षे राज्यात विजेचा तुटवडा तीव्र होता. मुंबई शहरास टाटा, बेस्ट इत्यादींकडून वीज मिळत असल्याने तेथे भारनियमनाची झळ फारशी पोहोचली नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही महावितरणच्या क्षेत्रातील शहरे मात्र तीतून सुटली नाहीत. ज्या ठाकुर्लीत रेल्वेसाठी वीज निर्माण करणारे चोळा वीजगृह एकेकाळी चालू होते, त्याच ठाकुर्लीच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांना विजेचे वेळापत्रक पाहून कामे उरकावी लागत. इन्व्हर्टर आणि यूपीएस हे शब्द घरोघरी रूढ झाले ते ह्याच काळात. यूपीएसची बॅटरी जुनी झाली की संगणक अकस्मात बंद पडणे ओघानेच आले.

ह्या आपत्तीवरील उपाय योगायोगाने थोडा आधी सिद्ध झाला होता. स्टीफन ट्वीडी ह्यांनी १९९८ मध्ये मांडलेली कल्पना ‘एक्स्ट३’ ह्या नावाने नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. तिचे मर्म आपल्याकडील पेढीच्या हिशेबाशी परिचित असलेल्यास तत्काळ उमगेल. व्यवहार प्रथम कीर्दीत लिहावा, मग खतावणीत चढवावा. खतावणी करताना व्यत्यय आला तरी कीर्द पाहून ती पुरी करता येते. एक्स्ट३ मध्ये करावयाचे बदल आधी ‘जर्नल’ नामक राखीव जागेत लिहिले जातात. वीज परत आल्यावर तेथील पुरे झालेले व्यवहार मूळ जागी चढवावयाचे आणि अपुरे सोडून द्यावयाचे. पूर्वी दीर्घकाळ चालणारी तपासणी त्यामुळे बहुधा काही सेकंदांवर आली. डिसेंबर २००८ मध्ये ‘एक्स्ट४’ ने हीच परंपरा पुढे नेली, आणि २०१२ पासून नोंदींच्या खरेपणाची पडताळणी करणाऱ्या बेरजाही तीत आल्या.

आज ही व्यवस्था संगणकापुरती राहिलेली नाही. अँड्रॉइड फोनाचा गाभा लिनक्सच आहे, आणि त्यातील साठवण बहुधा एक्स्ट४ किंवा एफ२एफएस ह्या पद्धतीची असते. डोंबिवलीच्या फलाटावर गर्दीत उभ्या असलेल्या प्रवाशाच्या खिशातील फोन सुरू होताना हीच तपासणी त्याच्या नकळत करीत असतो.

५

येथवरच्या विवेचनावरून तपासणी म्हणजे सर्व संकटांवरील उतारा, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो निराधार होय. तपासणी पाहते ती सुसंगती, सत्य नव्हे. फाइलीची नोंद निर्दोष असून तिच्यातील मजकूर अर्धवट वा जुना असू शकतो. सर्वसाधारण योजनेत जर्नलमध्ये नोंदींचे बदल लिहिले जातात, मजकूर नाही. एक्स्ट४ च्या आरंभकाळी, २००९ मध्ये, यंत्र अचानक बंद पडल्यावर काही फाइली शून्य आकाराच्या आढळल्या आणि त्यावर मोठा वाद झाला. व्यवस्था सुसंगत होती. लेखन मात्र गेले होते.

दुसरी मर्यादा नामाविषयीची आहे. निर्देशिका नष्ट झाली आणि आयनोड मात्र उरला, तर तपासणी त्यास ‘लॉस्ट अँड फाउंड’ नामक निर्देशिकेत ठेवते व त्याच्या क्रमांकावरूनच नाव देते. वस्तू वाचली, नाम गेले. हजारो क्रमांकांत आपले लेखन कोणते हे प्रत्येक फाइल उघडून ओळखावे लागते. ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाचे संस्थापक व ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे ह्यांनी जुन्या पोथ्यांचा जो संग्रह केला, त्या प्रकारच्या कार्यात हीच अडचण येते. पहिले व शेवटचे पान गळालेली पोथी हाती असते, पण ती कोणाची हे आतील पुराव्यावरूनच ठरवावे लागते.

नामाचा प्रश्न मराठीच्या संदर्भात आणखी सूक्ष्म होतो. एक्स्ट२ पासून नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे. युनिकोडच्या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. मात्रा, अनुस्वार व हलन्तचिन्हही स्वतंत्र मोजले जाते. ‘ठाणे’ ह्यास १२, ‘कल्याण’ ह्यास १८ आणि ‘डोंबिवली’ ह्यास २४ बाइट खर्ची पडतात. एकूण मर्यादा ८५ चिन्हांवर येते. त्याहून महत्त्वाचे असे की ‘दऱ्या’ ह्या शब्दातील अर्धा ‘ऱ’ एकाहून अधिक संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना शब्द एकच; फाइल-व्यवस्थेस सामान्यतः ती दोन भिन्न नावे. एकाच निर्देशिकेत एकसारख्या दिसणाऱ्या दोन फाइली नांदू शकतात, आणि तपासणीस त्यात काहीही वावगे दिसत नाही. भाषेचे ज्ञान हा तिचा अधिकारच नव्हे.

तिसरी मर्यादा द्रव्याची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उल्हास नदीच्या पुराने कल्याण-बदलापूर परिसरात हाहाकार उडविला. पाण्यात बुडालेल्या वा झिजलेल्या डिस्कला हिशेबाची दुरुस्ती तारू शकत नाही. उलट, डिस्कच निकामी होत असता तिच्यावर दुरुस्तीचे लेखन करणे हानिकारक ठरते. म्हणून प्रथम शक्य तितकी प्रत काढून घ्यावी व दुरुस्ती त्या प्रतीवर करावी, हा मार्ग जाणकारांनी श्रेयस्कर मानला आहे. वापरात असलेल्या विभागावर दुरुस्ती कदापि करू नये. आधी काही न लिहिता केवळ पाहणी करावी. आणि प्रत्येक प्रश्नास आंधळेपणाने होकार देऊ नये, हे अन्य नियमही त्याच दक्षतेचे आहेत. मुख्य सुपरब्लॉक वाचता न आल्यास त्याच्या राखीव प्रतीचा आधार घ्यावा. चार किलोबाइटांचे खंड असल्यास ती बहुधा ३२७६८ व्या खंडात सापडते.

६

मराठीस दुरुस्तीची परंपरा नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ह्या कार्यांत व यंत्राच्या तपासणीत एक साम्य आणि एक भेद आहे. साम्य असे, की दुसरी प्रत असल्यावाचून शुद्धीस आधार नाही. भेद असा, की पाठचिकित्सकास अर्थ कळतो. तपासणीस कळत नाही. ती नोंदींचा मेळ घालते आणि जे जुळत नाही ते बाजूला ठेवते. बाजूला ठेवलेल्यास पुन्हा नाव देणे हे मनुष्याचे काम राहते.

ह्यावरून निघणारा निष्कर्ष व्यवहारास उपयुक्त आहे. परिसरातील शाळा, वाचनालये व कुटुंबे आपली कागदपत्रे, छायाचित्रे व जुनी पुस्तके झपाट्याने डिस्कवर आणीत आहेत. तपासणी त्यांचा सांगाडा सांभाळील. त्यातील मजकूर व त्याची नावे वाचवावयाची असतील, तर निराळ्या ठिकाणी ठेवलेली दुसरी प्रत आणि तिच्यासोबत काळजीपूर्वक लिहिलेली सूची ह्यांना पर्याय नाही.