हातांतला उजेड आणि त्याची परीक्षा

श्रोतेहो, आज मी एका लहानशा वस्तूचा इतिहास सांगणार आहें. ही वस्तु प्रत्येकाच्या घरीं कोठें ना कोठें असते आणि गरजेच्या वेळीं बहुधा सांपडत नाहीं. तिला आपल्याकडे तीन नांवें आहेत. शहरांतील मंडळी तिला टॉर्च म्हणतात, खेड्यांत ती बॅटरी असते, आणि ग्रांथिक भाषेंत ती विजेरी होते. या तीन नांवांतच तिची सारी कुळकथा सांठलेली आहे. टॉर्च म्हणजे मुळांत मशाल. त्या नांवांत अग्नीची आठवण आहे. बॅटरी म्हणजे आंतील घट. त्या नांवांत खर्चाची आठवण आहे, कारण साध्या घरांत दिव्यापेक्षां सेल किती दिवस पुरेल याचीच काळजी अधिक. विजेरी या नांवांत विद्येची आठवण आहे. अशा वस्तूची पारख आजवर कशी होत आली आणि आपण ती घरच्या घरीं कशी करावी, एवढाच आजचा विषय.

विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्यांना रात्रीं घराबाहेर पडावें लागतें त्यांना तो तसा वाटत नाहीं. मी ज्या अंबड गांवीं राहतों तें आतां नाशिक शहरांतच मोडतें. एका अंगास कारखान्यांची वसाहत, दुसऱ्या अंगास थोड्या अंतरावर पांडवलेण्यांचा डोंगर. कारखान्यांत तिसरी पाळी रात्रभर चालते. जिल्ह्यांतील शेतीपंपांना वीज वर्षानुवर्षे आळीपाळीनें मिळत आली. ज्या आठवड्यांत ती रात्रीची असेल त्या आठवड्यांत शेतकऱ्यानें मध्यरात्रीं उठून पिकास पाणी भरावयाचें. उंसाच्या फडांत बिबट्या असतो आणि बांधावर मण्यार. मण्यार ही रात्रीं हिंडणारी. तिचा दंश पुष्कळदां कळतसुद्धां नाहीं. २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिला आहे. बहुतेक मृत्यु खेड्यांतले, आणि पावसाळ्यांत त्यांचें प्रमाण अधिक. पुढचें पाऊल कोठें पडतें हें दिसणें याची किंमत एवढी मोठी आहे.

आतां मागें वळून पाहूं. विजेरी येण्यापूर्वीं रात्रीचा उजेड हा ऐपतीचा प्रश्न होता. मशालीला धरणारा वेगळा माणूस लागे. काठीस चिंध्यांचा बोळा गुंडाळलेला, दुसऱ्या हातांत तेलाचें भांडें, अशा थाटानें मशालजी धन्याच्या पालखीपुढें धांवे. उजेड धन्याचा, आणि धूर, तेल व चटके मशालजीचे. शिवाय मशालीचा एक मूळचा दोष आहे. शाहिस्तेखानावरील १६६३ सालच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना मशाली बांधून शत्रूस कात्रजच्या घाटाकडे भुलविलें, अशी कथा आपल्याकडे परंपरेनें सांगतात. तिचा ऐतिहासिक पुरावा किती हा प्रश्न बाजूस ठेवला तरी तिच्यांतील मर्म खरें आहे. मशाल ज्याच्या हातीं असते त्याला ती जेवढें दाखविते, त्याहून अधिक ती त्यालाच दुसऱ्यास दाखविते.

पुढें रॉकेलचा कंदील आला. कऱ्हाडजवळील ओगलेवाडीच्या कारखान्यांत तयार झालेला ‘प्रभाकर’ कंदील हें महाराष्ट्राच्या उद्योगाचें एक भूषण होतें. कंदिलानें मशालजीची नोकरी घालविली. स्वतःचा दिवा स्वतःच्या हातीं आला. पण कंदिलाचा उजेड चहूंकडे सारखा पसरतो, तसा तो धरणाऱ्याच्या डोळ्यांतही जातो, आणि दहा पावलांपलीकडे त्याचें बळ सरतें. उजेड हवा तेथेंच टाकावा आणि नको तेव्हां क्षणांत बंद करावा, ही सोय त्यांत नव्हती.

ती सोय विजेनें दिली. फ्रान्समध्यें जॉर्ज लेक्लांशे यानें १८६६ सालीं एक घट तयार केला. त्यांत जस्त, कोळशाची कांडी, मँगॅनीज डायऑक्साइडची काळी पूड आणि नवसागराचें पाणी होतें. कल्हईवाल्याकडे असणारा नवसागर तो हाच. पण पाणी भरलेला घट खिशांत कसा बाळगावा? जर्मनीच्या कार्ल गास्नर यानें १८८६-८७ च्या सुमारास नवसागराच्या द्रावणांत प्लॅस्टर मिसळून त्याचा लगदा केला आणि तो जस्ताच्याच डब्यांत भरला. हाच आपला कोरडा सेल. यांत भांडें तेंच इंधन असतें. वीज देतां देतां जस्ताचा डबा झिजत जातो आणि शेवटीं त्यास भोंकें पडतात. जुने सेल विजेरींत विसरले असतां ते पाझरून आंतील पत्रा खातात, त्याचें कारण हेंच.

अशा सेलांवर चालणाऱ्या हातबत्तीचें पेटंट अमेरिकेंत १० जानेवारी १८९९ रोजीं डेव्हिड मिझेल या इंग्रज संशोधकास मिळालें. कागदी नळी, आंत एकापुढें एक ठेवलेले सेल, टोंकास लहानसा दिवा आणि त्यामागें पितळी परावर्तक. काँरॅड ह्यूबर्ट या कारखानदारानें असे कांहीं दिवे न्यूयॉर्कच्या पोलिसांस फुकट वांटले आणि त्यांनीं दिलेले अभिप्राय जाहिरातींत छापले. या दिव्याची पहिली जाहीर परीक्षा ती. रात्रीं गल्लीबोळ हिंडणाऱ्या शिपायानें वस्तु वापरून बरें म्हणावें, याहून चांगली परीक्षा कोणती?

त्या दिव्याला अमेरिकेंत जें ‘फ्लॅशलाइट’ नांव पडलें, त्याचा अर्थ लकलकणारा उजेड. वीज वाहूं लागली कीं कोळशाच्या कांडीभोंवतीं हायड्रोजनचा थर सांचतो आणि घट मंदावतो. मँगॅनीजची पूड तो थर हळूहळू शोषून घेते. म्हणून दिवा क्षणभर लावावा, मग घटास विसांवा द्यावा, असा क्रम होता. पुढें सेल सुधारले आणि १९१० नंतर कार्बनच्या तंतूची जागा टंगस्टनच्या तारेनें घेतली, तेव्हां कोठें हा दिवा सतत तेवूं लागला. आपल्या खेड्यांत थकलेले सेल उन्हांत ठेवून पुन्हां वापरण्याची चाल होती, तिचेंही मूळ येथेंच आहे. विसांव्यानें आणि उष्णतेनें घटास थोडा दम येतो. मात्र झिजलेलें जस्त कांहीं परत येत नाहीं.

हिंदुस्थानांत एव्हरेडीचे सेल १९०५ पासून परदेशांतून येऊं लागले, १९३९ सालीं कलकत्त्यास त्यांचा कारखाना निघाला, आणि १९५८ सालीं लखनौस विजेऱ्या तयार होऊं लागल्या. महाराष्ट्राचाही यांत वांटा आहे. भंडारा जिल्ह्यांतील डोंगरी बुजुर्ग येथील खाणींत निघणारें मँगॅनीज डायऑक्साइडचें खनिज कोरड्या सेलांच्या धंद्यास उपयोगी पडतें. पुष्कळांच्या हातांतील उजेडाचा एक अंश असा आपल्याच मातींतून गेला आहे.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मात्र सारेंच पालटलें. १९९१ सालीं लिथियम-आयन घट बाजारांत आला. जपानांत १९९० च्या दशकांत तेजस्वी निळा एल.ई.डी. सिद्ध झाला आणि त्यावरून पांढरा. या दोन शोधांबद्दल अनुक्रमें २०१९ आणि २०१४ सालीं नोबेल पारितोषिकें दिलीं गेलीं. आज बोटभर लांबीची विजेरी पूर्वींच्या तीन सेलांच्या पितळी दांडक्यास सहज मागें टाकते. तथापि उजेड वाढला तसा ग्राहकाचा संभ्रमही वाढला. वेष्टनावर हजारांचे आंकडे, आणि त्यांतला कोणता खरा हें कळावयास मार्ग नाहीं.

हा गोंधळ आवरण्यासाठीं अमेरिकेंतील कारखानदारांनीं २००९ सालीं एक प्रमाण ठरविलें. एकूण उजेड किती, तें दिवा लावल्यावर निदान ३० सेकंद गेल्यानंतर मोजावयाचें. दिवा किती वेळ चालतो, तें प्रारंभींच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत धरावयाचें. आणि झोत किती लांब जातो, तें जेथें उजेड पाव लक्स उरतो तेथपर्यंत. पाव लक्स म्हणजे सुमारें पौर्णिमेचें चांदणें. कोजागिरीच्या रात्रीं हिरकणी रायगडाचा कडा उतरली, ही आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिला जेवढा उजेड मिळाला असेल, तेवढाच आजच्या शास्त्रानें झोताची सीमा म्हणून स्वीकारला. मापाला पौर्णिमा निवडण्याचें हें शहाणपण मला फार आवडतें.

पण या प्रमाणांतही एक फट आहे. ३० सेकंदांनंतर लख्ख असणारी लहान विजेरी पांच मिनिटांत तापते. आंतील यंत्रणा मग उजेड आपोआप उतरविते, आणि उरलेला सारा काळ ती मंद जळते. तेजाचा आंकडा खरा, वेळेचाही खरा. मात्र तें तेज आणि ती वेळ एकत्र कधींच नांदत नाहींत. म्हणून परीक्षा आपणच घ्यावी. तिला शाळेंतील पदार्थविज्ञान पुरतें.

एका जाड पांढऱ्या कागदावर मध्यें तेलाचा रुपयाएवढा डाग पाडा. अंधाऱ्या खोलींत तो कागद उभा टांगा. एका बाजूस २५ सेंटिमीटरवर मेणबत्ती ठेवा आणि दुसऱ्या बाजूनें विजेरीचा झोत त्यावर टाकून ती मागें-पुढें करा. दोन्हीं बाजूंचा उजेड सारखा झाला कीं डाग जवळजवळ नाहींसा होतो. रॉबर्ट बुन्सेन या जर्मन रसायनज्ञाची ही एकोणिसाव्या शतकांतील युक्ति. मेणबत्ती पिवळी आणि विजेरी पांढरी असल्यामुळें डाग अगदीं पुसला जाणार नाहीं. तो सर्वांत फिकट दिसेल ती जागा धरावी. समजा, विजेरी ५ मीटरवर असतां असें झालें. अंतर २० पट, आणि उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. म्हणून झोताचें बळ सुमारें ४०० मेणबत्त्यांचें. ४०० चें वर्गमूळ २०, त्याची दुप्पट ४०. म्हणजे ४० मीटरपर्यंत तिचा उजेड चांदण्याइतका पडेल.

खरी परीक्षा पुढेंच आहे. जमिनीवर खडूनें खूण करून विजेरी तशीच चालू ठेवा, आणि दहा मिनिटांनीं, अर्ध्या तासानें, दोन तासांनीं पुन्हां मोजा. विजेरी ५ मीटरवरून साडेतीन मीटरवर आणावी लागली तर उजेड निम्मा झाला; अडीच मीटरवर आणावी लागली तर चौथाई उरला; आणि १ मीटर ६० सेंटिमीटरवर आली म्हणजे प्रमाणाप्रमाणें तिचें आयुष्य सरलें. एका लहान विजेरीची अशी परीक्षा मीं अंबडास घेतली. पहिल्या दहा मिनिटांतच ती निम्म्यावर आली. तीच मंद पायरीवर लावली असतां पहांटेपर्यंत खडूच्या खुणेवरून फारशी हलली नाहीं. विकणारा पहिला आंकडा सांगतो. रात्रीं शेतांत उभ्या असलेल्या माणसास दुसऱ्याचीच गरज असते.

जुन्या आणि नव्या विजेरीच्या मरण्यांतही एक फरक आहे. जुन्या सेलाचा दिवा पिवळा, मग तांबूस होत जाई आणि ‘आतां घरीं चला’ असें सांगे. लिथियमचा घट पुष्कळ वेळां शेवटपर्यंत सारखा उजेड देतो आणि मग संरक्षक यंत्रणा तो एकाएकीं तोडते. म्हणून विजेरी संपण्यापूर्वीं पूर्वसूचना देते कीं नाहीं हेंही पाहून ठेवावें. डोळे मिटून बटण सांपडतें का, ओल्या हातानें तें दाबतां येतें का, पिशवींत तें आपोआप दाबलें जात नाहीं ना, कमरेच्या उंचीवरून पडली तर ती टिकते का, या साध्या परीक्षाही तितक्याच मोलाच्या.

या साऱ्याचा प्रत्यय पाहावयाचा तर श्रावणांतील तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी पाहावी. आदल्या रात्रींच हजारों भाविक त्र्यंबकेश्वराहून सुमारें २० किलोमीटरच्या वाटेस लागतात, कित्येक अनवाणी. पाऊस, चिखल आणि धुकें. धुक्यांत प्रखर झोत डोळ्यांसमोर धरला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. तेथें विजेरी कमरेपाशीं धरावी, मंद पायरीवर लावावी आणि उजेड पावलापुढें दोन हात पडूं द्यावा. डोळ्यांस अंधाराची पुरी संवय होण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. एका लखलखाटानें ती मोडते. डोंगरांत मुक्काम करणाऱ्या तरुणांनींही हाच नियम पाळावा. उजेड जरूर तेवढाच लावावा, म्हणजे तो पहांटेपर्यंत पुरतो.

श्रोतेहो, मशाल धन्याची होती, कंदील घराचा होता, विजेरी ज्याच्या त्याच्या हातची आहे. उजेड स्वतःच्या हातीं आला तशी त्याची परीक्षा घेण्याची जबाबदारीही स्वतःवर आली. आपल्याकडे आषाढी अमावास्येस, दिव्यांच्या अंवसेस, घरांतील सारे दिवे घासूनपुसून पाटावर मांडण्याची चाल आहे. पूर्वजांनीं ती भर पावसाळ्यांत नेमली, हें ध्यानांत घ्यावें. त्या दिवशीं समई-निरांजनांशेजारीं घरांतील विजेरीही पाटावर असूं द्यावी. तिचे सेल काढून पाहावे, टोंकें पुसावीं, आणि रात्रीं घरांतील दिवे मालवून, खडूची खूण करून ती किती वेळ साथ देते हें मुलांसमक्ष मोजावें. ज्या रात्रीं तिची खरीखुरी गरज पडेल त्या रात्रीं परीक्षेस वेळ नसतो.