पेजेचा मुलूख

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी आठवीच्या वर्गाला निबंधाचा विषय दिला, ‘आमच्या घरचे जेवण’. विषय सोपा, मुले खूश. संध्याकाळी कंदिलाएवढ्याच उजेडाच्या त्या पडवीतल्या दिव्याखाली मी वह्या तपासायला बसलो. पहिल्या वहीत कोंबडी-वडे, दुसरीत कोंबडी-वडे आणि सोलकढी, तिसरीत तळलेला सरंगा. वह्यांचा गठ्ठा संपत आला तरी जेवण काही बदलेना. एखाद्या परक्या माणसाने त्या वाचल्या असत्या, तर मालवणच्या आसपास घरोघर रोज जत्रा भरते अशीच त्याची समजूत झाली असती.

शेवटून दुसरी वही एका मुलीची होती. तिने पहिली ओळ लिहिली होती, ‘आमच्या घरी सकाळी पेज असते.’ आणि ती ओळ दोन रेघा मारून खोडली होती. खाली पुन्हा कोंबडी-वडे.

त्या वहीवर मला गुण देता येईनात. कारण ती ओळ मीही एकदा खोडली आहे. माझ्या पहिल्या कादंबरीतला मुलगा बारा वर्षांनी मुंबईहून गावी येतो आणि आई त्याला वडे-सागोती वाढते. वाचकांना तो प्रसंग आवडला. पण ती आई खरी असती, तर उन्हातून आलेल्या मुलापुढे तिने आधी पेजेची वाटीच ठेवली असती. मला ते ठाऊक होते, तरी मी लिहिले नाही. मला लाज वाटली. ही लाज कुठून आली, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेखनप्रपंच. मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपुढे शिकलेलाही नाही. पण ताटात वाढलेले वाचायला फार मोठी पदवी लागत नाही.

आमच्या मुलांचा एक ठरलेला प्रश्न असतो: “गुरुजी, आपले जेवण शिवाजीमहाराजांच्या वेळचे ना?” तेव्हा मी त्यांना मालवणच्या समुद्रात घेऊन जातो. १६६४ च्या नोव्हेंबरात महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. चोहीकडे खारे पाणी, आणि किल्ल्याच्या पोटात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्यांची नावे काय? दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! पाण्याला दुधा-दह्याची नावे देणारा हा मुलूख आहे. जे दुर्मीळ त्याचे कौतुक अधिक, एवढे तरी त्या नावांवरून कळते.

आता त्या तटाचे दगड घडवणाऱ्या एखाद्या पाथरवटाला पानावर बसवू या. त्याच्या पानात भात किंवा नाचणीची भाकरी, कुळीथ, नारळ आणि समुद्राची मासळी. आंबटाला कोकमाची सोले. तिखटाला मिरी, आणि बांगड्याच्या कालवणात तिरफळ. हे सारे इथल्या मातीचे आणि पाण्याचे. आणि मिरची? १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले, आणि त्यांच्या गलबतांतून अमेरिका खंडातली ही बाई आमच्या किनाऱ्याला उतरली. मिरीचे काम करू लागली म्हणून मिरीवरूनच तिला नाव मिळाले. पाथरवटाच्या काळात मिरीच्या मानाने ती कालची पाहुणी होती. आज तिच्यावाचून आमचा मसाला होत नाही. काजू त्यांचाच, अननस त्यांचाच, पपईही त्यांचीच. बटाटा तर नावासकट त्यांचा, आणि तो घरोघर पोचला पुढे इंग्रजी अमलात. देवगडचा हापूस ज्याचा आम्हाला एवढा अभिमान, तोही आफोन्सो या पोर्तुगीज नावाचा मराठी अवतार. आंब्याचे झाड आपले, पण कलम बांधण्याची कला त्यांनी रुजवली.

मौज अशी की, तेरेखोलच्या खाडीपलीकडच्या फिरंग्याशी आमचे राजकीय वैर पिढ्यान्‌पिढ्या चालले, आणि परसात मात्र त्याचेच बियाणे फोफावले. आज ओल्या काजूची उसळ हा आमचा चैत्रातला मोठा सण आहे आणि ती खाताना कोणाला ब्राझील आठवत नाही. आठवण्याचे कारणही नाही. चारशे वर्षे एका मातीत राहिले म्हणजे झाड गावकरी होते.

पण मग त्या पाथरवटाच्या पानातले आणि आजच्या पानातले अगदी तेच, तसेच उरले ते काय? हा प्रश्न मी वर्गात विचारतो आणि पोरे गप्प होतात. उत्तर एकच आहे, आणि ते त्या मुलीने दोन रेघांखाली गाडले होते. पेज! तिला मिरची लागत नाही, बटाटा लागत नाही, बाहेरचे काहीच लागत नाही. तांदूळ, पाणी आणि मीठ. मीठही जवळचेच, शिरोड्याच्या मिठागरांतले. तिथेच १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला.

पेज का, हे समजायला आमची जमीन पाहिली पाहिजे. वर जांभ्याचा कातळ, ज्याला आम्ही सडा म्हणतो. पाऊस सुमारे तीन हजार मिलिमीटर. पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि ओहोळांनी समुद्राला मिळतो. डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या मळ्यांत भात होतो, वरकस उतारावर नाचणी. या भातावर घरातली सगळी तोंडे वर्षभर पोसायची, म्हणजे तांदूळ पुरवून पुरवून वापरणे आले. भात उकडून, उन्हात वाळवून मग सडला म्हणजे कणी कमी पडते आणि दाणा टिकतो. तो उकडा तांदूळ. त्यात दुप्पट-तिप्पट नव्हे, चांगले पाचसहापट पाणी घालून शिजवले की पेज. सकाळी दहाच्या सुमारास, शेतातले पहिले काम आटोपल्यावर ती घ्यायची. पोट भरते, घामाने गेलेले पाणी आणि मीठ परत मिळते, आणि मूठभर तांदळात माणसे निभतात. सोबतीला भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा, नाही तर कुळथाची पिठी.

पावसाळ्यात समुद्र बंद. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवीत. आता सरकारी बंदीही जून-जुलैत असते. म्हणून मे महिन्यात घरोघर आगोटीची लगबग. सुकी मासळी, सोले, कुळीथ, मसाला, चुलीसाठी फाटी. आमच्या बायकांचे सगळे पाकशास्त्र या आगोटीत आहे. पिकाच्या दिवसांत सुकवायचे आणि नडीच्या दिवसांत पुरवायचे. रुची त्यातून जन्मली. पण तिची आई गरज होती.

आणि गरज तेवढ्यानेही भागली नाही. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढच्या काळात आमच्या किनाऱ्यावरचा तरणा पुरुष बोटीत चढला. मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा. गिरणगावातल्या मजुरांत या रत्नागिरीकरांची संख्या फार मोठी होती. बायका-पोरे गावी, आणि हे दहा-पंधराजण एका खोलीत, पाळीपाळीने झोपणारे. त्यांना रांधून कोण घालणार? गिरणगावातल्या बायकांनी खानावळी चालवल्या. दोन पाळ्यांच्या वेळा सांभाळून पहाटेपासून चुलीपुढे बसणाऱ्या या बायकांचे नाव गिरण्यांच्या इतिहासात क्वचितच येते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकांचे कर्ज त्यांच्या हाती पोचवले, तेव्हा कुठे सावकारापासून त्यांची सुटका होऊ लागली.

माझी अशी समजूत आहे की, ‘मालवणी’ जेवण हे या गिरणगावातच जन्मले. गावात कोणी ‘मालवणी मसाला’ म्हणत नाही. ‘मसालो’ म्हणतात, बस्स. शेजारच्या खोलीत घाटावरचा माणूस जेवायला बसला, तेव्हा आपल्याला वेगळे नाव लागले. आणि खानावळीत पेज कोण मागणार? पैसे मोजणारा माणूस सणाचे जेवण मागतो. गावी जे जत्रेला, पाहुण्याला, शिमग्याला व्हायचे, ते मुंबईत रोजचे झाले. आणि रोजचे होते ते गावातच राहिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडीलही होते. संप मिटला असे कोणी कधी सांगितलेच नाही. मनीऑर्डर मात्र यायची थांबली. वडील एक ट्रंक घेऊन परत आले. मी तेव्हा चार वर्षांचा. पुढची पाच-सहा वर्षे आमच्या घरी दोन्ही वेळा पेज होती, आणि तीत दाणा किती हे मी बोटाने चाचपून पाहत असे. माझी लाज तिथली आहे. पेज मला गरिबीचा दाखला वाटू लागली. आता कळते की दाखला खराच होता. फक्त तो लाजेचा नव्हता. त्या वर्षांत आमच्यापैकी कोणी उपाशी निजले नाही, हे आईचे कर्तृत्व होते आणि पेजेचे.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. तिच्या मागोमाग पाहुणे आले, आणि ‘अस्सल मालवणी जेवण’ अशा पाट्या रस्तोरस्ती लागल्या. मुंबईत घडलेले आमचे ताट आता गावात परत आले आहे. वाईट झाले असे मी म्हणणार नाही. चार घरांच्या चुली त्यावर चालतात, आणि गाडीला गर्दी करून जाणारी पोरे त्यामुळे थोडी तरी इथे राहतात. पण पाटीवर जे नाही ते मुलांच्या वहीतूनही जाऊ लागले, की मास्तराने बोलायला हवे.

सुट्टीत मी आईला हे सगळे ऐकवले. ती सूप पाखडत होती. म्हणाली, “पेजेक कसलो रे इतिहास? तांदूळ थोडे, पाणी जास्त, खाणारी तोंडां धा. झाली पेज.” माझ्या सगळ्या लेखाचा सारांश तिने एका दमात सांगितला. 

दुसऱ्या दिवशी चावदिस होता. आमच्याकडे नरकचतुर्दशीला हेच नाव. पहाटे तुळशीपुढे डाव्या अंगठ्याने कारीट फोडले, ‘गोविंदा’ म्हणून ओरडलो, आणि नव्या भाताच्या पोह्यांची ताटे मांडली. गुळाचे गोडे फोव, दुधातले, ताकातले, तिखट, बटाट्याचे. एकाच तांदळाची पाच रूपे. वर्षभर ज्याला पाणी घालून पुरवायचे, त्याचे एका सकाळी एवढे लाड! आमच्या दिवाळीत लाडू-चकल्यांना नंतर जागा मिळाली. पहिला मान या फोवांचा. शेजारच्या घरांत ताटे गेली, त्यांची आमच्याकडे आली.

त्यातले एक ताट घेऊन ती वहीवाली मुलगीच दारात उभी होती. मी विचारले, “निबंधातली पहिली ओळ का गो खोडलीस?” ती खाली पाहत म्हणाली, “सगळे हसतील, गुरुजी.”

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मी फळ्यावर निबंधाचा नवा विषय लिहिला, ‘पेज’. आणि मुलांनी वह्या काढायच्या आत, त्यांच्याआधी माझा निबंध मी वाचून दाखवला. वर्ग हसला, हे खरे. पण पुढे वह्या आल्या, त्यांत एकही ओळ खोडलेली नव्हती.