कमवा आणि शिका योजना

शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याने स्वतःच्या श्रमातून, अंशतः वा पूर्णतः, भागवण्याची महाराष्ट्रातील पद्धती. कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील (22 सप्टेंबर 1887–9 मे 1959) आणि त्यांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी काले (ता. कराड) येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था यांच्याशी ती निगडित आहे. संस्थेचे ब्रीद ‘स्वावलंबी शिक्षण’ हे, बोधचिन्ह वटवृक्ष. योजनेचा आरंभ साताऱ्याच्या वसतिगृहापासून धरावा की तेथीलच 1940 च्या महाराजा सयाजीराव हायस्कूलपासून, याबाबत एकवाक्यता नाही. ‘देशातील पहिली’ हे विशेषण सर्रास लावले जाते, ते जपून घ्यावे.

पूर्वपीठिका : संस्थेचे कार्य 1924 मध्ये साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले येथे एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि पाणी भरण्यापासून शेतातल्या कामापर्यंत सर्व कामे वाटून घेत. जातवार वसतिगृहांच्या त्या काळात ही गोष्ट श्रमाइतकीच महत्त्वाची होती. बोर्डिंगातील मुलांची आई म्हणून ओळखल्या गेलेल्या, भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील (मृ. 1930) यांनी अडचणीच्या दिवसांत अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, विकले. पुणे करारानंतर 1932 मध्ये पुण्यात ‘युनियन बोर्डिंग’ निघाले.

भाऊराव काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते. चरित्रांत हा तपशील ओझरता येतो; मात्र खेड्यातल्या कुटुंबाकडून वर्षाकाठी रोकड किती निघू शकते आणि मनुष्यबळ किती, याचा अंदाज त्यांना याच फिरतीत आला असावा. योजनेची मांडणी नेमकी त्यावर उभी आहे : घरात रोकड नाही, पण मुलाचे दोन हात आहेत.

महाविद्यालयीन टप्पा : 1947 मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ही पद्धती शाळेतून महाविद्यालयात आली. माळरान खणून शेते करणे, बांधकामावर राबणे, बाग राखणे या श्रमाच्या बदल्यात राहण्याजेवणाची व फीची सोय होई. गांधीप्रणीत नई तालीमशी (वर्धा, 1937) या योजनेची गल्लत केली जाते. तेथे उद्योग हे शिक्षणाचे माध्यम होते. साताऱ्यात तो शिक्षणाचा खर्च भागवण्याचा मार्ग होता आणि अभ्यासक्रम विद्यापीठाचाच राहिला. म्हणूनच बोर्डिंगातला मुलगा इतरांच्या बरोबरीची पदवी घेऊन बाहेर पडला. बॅ. पी. जी. पाटील हे बोर्डिंगातूनच पुढे आले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

1948 मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. कारणांविषयी मतभेद आहेत. गाडगे महाराजांच्या मध्यस्थीने ते पुन्हा सुरू झाल्याचे सांगतात. त्यांच्या नावाचे महाविद्यालय संस्थेने 1954 मध्ये कराडला काढले.

विद्यापीठीय स्वरूप : पुढे विद्यापीठांनी योजना स्वीकारली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ती कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय वा बागेत रोज काही तास काम आणि तासावर मानधन, असे तिचे आजचे रूप. नाव तेच राहिले तरी आशय बदलला आहे. मूळ योजनेत श्रमाच्या मोबदल्यात निवास, भोजन व फी ही तिन्ही मिळत, आणि श्रमही सामुदायिक होते. आता प्रत्येकाच्या खात्यावर थोडी रक्कम जमा होते, खोली व मेस ज्याची त्याने पाहायची. पुण्यासारख्या शहरात हे मानधन हातखर्चाच्या फारसे पुढे जात नाही.

शासकीय सवलती : यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फी माफी मिळाली (‘ईबीसी सवलत’, 1,200 रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा प्रसिद्ध आहे). तिने महाविद्यालयाचे दार उघडले, परंतु मेसचे बिल तसेच राहिले आणि खेड्यातला विद्यार्थी पदवीपूर्वी गळण्याचे मोठे कारण फीपेक्षा तेच होते. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता व अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना या उणिवेवर उतारा म्हणून आल्या. मेसवाला मात्र महिन्याचे पैसे महिन्याला मागतो, आणि महाडीबीटी या शासकीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची रक्कम अनेकदा वर्ष सरता सरता पोहोचते. बोर्डिंगच्या पद्धतीत ही अडचण मुळातच उद्भवत नव्हती.

विद्यार्थिनी : 2024-25 पासून 8 लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ; ही सवलतही फीपुरतीच.

समूह विद्यापीठ : रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ, सातारा (2021); छत्रपती शिवाजी कॉलेज हे त्याच्या घटक महाविद्यालयांपैकी एक.